रिकर्व्ह धनुष्याच्या लिम्बमधील दोष कसे ओळखावेत आणि कसे दूर करावेत

बाण एका बाजूला जाऊ लागले, दोरी सुटताना खडखड ऐकू येऊ लागली किंवा धनुष्य पूर्वीपेक्षा मऊ वाटू लागले, की तिरंदाज आणि विशेषतः त्याचे पालक सर्वप्रथम लिम्बवर, म्हणजे मधल्या मुठीच्या भागाला (रायझरला) जोडलेल्या वरच्या व खालच्या वाकणाऱ्या पात्यांवर, संशय घेतात. लिम्ब महाग असल्यामुळे ही धास्ती समजण्यासारखी आहे. परंतु दोरीचा पीळ उतरणे, लिम्ब खाचेत पूर्ण न बसणे, बोल्ट सैल होणे किंवा रायझरमधील जुळणी सरकणे ही कारणे लिम्ब स्वतः बिघडण्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळा आढळतात. ती न तपासता लिम्ब उन्हात ठेवणे, पिळणे किंवा थेट नवी जोडी मागवणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. म्हणून पुढील तपासणीचा क्रम दोरीपासून सुरू होऊन लिम्बच्या आतील थरांपर्यंत जातो आणि तो मध्येच न मोडणे हेच या कामातील खरे कौशल्य आहे.

येथील विवेचन मुख्यतः आयएलएफ पद्धतीच्या धनुष्याला लागू आहे, म्हणजे ज्याचे लिम्ब रायझरच्या खाचेत सरकवून बसतात आणि बोल्टने ज्यांचा ताण कमी-जास्त करता येतो. क्रीडा संकुलात शिकणाऱ्या नवशिक्यांकडे बहुधा लाकडी रायझरचे, एकेका बोल्टने लिम्ब आवळायचे धनुष्य असते. त्याबाबत जे वेगळे आहे ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे. इंडियन राउंड या देशी स्पर्धाप्रकारासाठी वापरल्या जाणाऱ्या बांबूच्या धनुष्याला जुळणीचे नियम लागू होत नाहीत, मात्र तडे तपासण्याची रीत आणि निगा राखण्याचे नियम त्यालाही लागू होतात.

साधने फारशी लागत नाहीत. बो स्क्वेअर (दोरीवर बसवून काटकोनात अंतर मोजायची टी आकाराची पट्टी), मिलिमीटरची पट्टी, मास्किंग टेप, बारीक टोकाची पेन्सिल, थोडा कापूस, टॉर्च, दोन सरळ पट्ट्या, बॅग मोजण्याचा डिजिटल काटा आणि योग्य मापाच्या ॲलन की एवढ्यावर काम भागते. ॲलन कीच्या बाबतीत मात्र निष्काळजीपणा करू नये. काही रायझरचे बोल्ट इंचाच्या मापाचे असतात आणि काहींचे मिलिमीटरच्या. 3/16 इंचाची की म्हणजे 4.76 मिलिमीटर, ती 5 मिलिमीटरच्या खाचेत शिरते, थोडी हलते आणि जोर लावताच खाचेचे कोपरे झिजवून टाकते. नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात काम करणारे कोणी ना कोणी ओळखीचे निघते आणि त्यांच्याकडे व्हर्निअर कॅलिपर असतो. तो मापांसाठी अवश्य मागून आणावा. मात्र लिम्ब घट्ट बसतो म्हणून त्याची धातूची डोव्हटेल (लिम्बच्या बुंध्यावरचा, खाचेत बसणारा तुकडा) ग्राइंडरवर घासून आणण्याचा आपुलकीचा सल्ला मिळाला, तर तो नम्रपणे नाकारावा. कारखान्यातील सवयीने तिथे मिलिमीटरचा दहावा भाग सहज काढला जातो आणि तेवढ्याने लिम्ब खाचेत कायमचा डुलू लागतो.

लिम्बला दोष देण्यापूर्वी

प्रथम दोरी उतरवून लिम्ब काढावेत आणि पुन्हा बसवावेत. आयएलएफ लिम्बच्या डोव्हटेलमध्ये स्प्रिंगवर चालणारी छोटी पिन असते; लिम्ब पूर्ण आत गेला की ती खाचेत बसल्याचा टक असा आवाज येतो. मातीच्या मैदानावर सराव केल्यास बारीक धूळ या पिनेभोवती साचते, पिन आत अडकून राहते आणि लिम्ब बसल्यासारखा दिसूनही प्रत्यक्षात एखादा मिलिमीटर बाहेर राहतो. जुन्या टूथब्रशने खाच आणि पिन स्वच्छ करून, कापसाच्या काडीने शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पुसट हात दिला की हा दोष संपतो. तेल ओतू नये, कारण पुढच्या सरावात त्यावर आणखी धूळ बसते. दोरी नसताना लिम्बला केवळ या पिनेचाच आधार असतो, त्यामुळे पिन कमजोर झाली असल्यास धनुष्य उचलताना लिम्ब निसटून पडू शकतो.

लिम्बची अदलाबदल झाली आहे का हेही पाहावे. बहुतेक जोड्यांमध्ये लांबी आणि वजनाचे (दोरी ओढायला लागणाऱ्या जोराचे) आकडे खालच्या लिम्बवर छापलेले असतात, पण प्रत्येक निर्माता तसे करतोच असे नाही, म्हणून पुस्तिका पाहून खात्री करावी. दोन्ही लिम्बवरचा क्रमांक एकच असला पाहिजे. एकाच धनुष्याचे अनेक संच असलेल्या केंद्रात सामान आवरताना दोन जोड्या मिसळणे अगदी सहज घडते आणि मग दोन वेगळ्या लिम्बचे धनुष्य महिनोन्‌महिने ‘बिघडलेले’ म्हणून फिरत राहते.

यानंतर दोरी. दोरीची प्रत्यक्ष लांबी धनुष्याच्या लांबीपेक्षा साधारण 3 ते 3.5 इंच कमी असते, म्हणजे 68 इंची धनुष्याला सुमारे 65 इंचांची दोरी लागते. दोरी चढवल्यावर हँडलच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचे अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, बो स्क्वेअरने मोजावे. ढोबळमानाने ते 66 इंची धनुष्याला 8.25 ते 8.75 इंच, 68 इंचीला 8.5 ते 9 इंच आणि 70 इंचीला 8.75 ते 9.25 इंच असते. निर्मात्याने वेगळी मर्यादा दिली असल्यास तीच प्रमाण मानावी. नवी दोरी सुरुवातीला ताणली जाते, ब्रेस हाइट घसरते, दोरी लिम्बच्या वळणावर आपटून मोठा आवाज करते आणि तिरंदाजाला वाटते की लिम्ब सुटला. दोरी उतरवून तिला काही पीळ द्यावेत, पुन्हा चढवून मोजावे. दोरीवर पिळाच्या गाठी पडेपर्यंत पीळ द्यावे लागत असतील, तर दोरीच चुकीच्या लांबीची आहे. दोरीचा मोठा फास वरच्या आणि लहान फास खालच्या लिम्बला येतो, हेही नवशिक्यांच्या हातून अधूनमधून उलटे होते.

धनुष्य मऊ झाल्याची तक्रार असेल, तर आधी लिम्बवरचे आकडे नीट वाचावेत. मध्यम लांबीच्या एकाच लिम्बवर ‘68–36’ आणि ‘66–38’ असे दोन्ही आकडे असू शकतात. म्हणजे तो लिम्ब 25 इंची रायझरवर 36 पौंड आणि 23 इंची रायझरवर 38 पौंड भरतो. हे वजन 28 इंचांच्या खेचीला मोजलेले असते आणि प्रत्येक इंचाला साधारण दोन पौंडांचा फरक पडतो. ज्या मुलाची खेच 26 इंचांची आहे, त्याच्या हाती 36 पौंडांच्या लिम्बचे सुमारे 32 पौंडच येणार, आणि त्यात लिम्बचा काही दोष नाही. प्रत्यक्ष वजन पाहण्यासाठी बॅगेच्या काट्याचा हूक दोरीवर नॉकिंग पॉइंटच्या, म्हणजे बाण लावायच्या, जागी अडकवावा, एकाने धनुष्य धरावे, दुसऱ्याने आपल्या नेहमीच्या खेचीपर्यंत सरळ ओढून काटा वाचावा आणि सावकाश परत न्यावे. किलोचा आकडा 2.2 ने गुणला की पौंड मिळतात. हूक निसटल्यास धनुष्य रिकामेच सुटते, म्हणून हूक पक्का असल्याची खात्री झाल्याशिवाय ओढू नये.

बोल्टच्या बाबतीत एवढेच लक्षात ठेवावे, की आयएलएफ रायझरवर दोन्ही बोल्ट सारखे फिरवून लिम्बचे वजन सुमारे दहा टक्क्यांच्या पट्ट्यात बदलता येते. पण बोल्ट किती वळणे बाहेर काढता येतो याला मर्यादा असते आणि ती ओलांडल्यास ताणाखाली आटे तुटू शकतात. बोल्टला आतून अडवणारा लॉक स्क्रू असल्यास तो आधी सैल करावा, दोरी उतरवूनच बोल्ट फिरवावा आणि शेवटी लॉक पुन्हा आवळावा. लाकडी रायझरच्या धनुष्यात असे काही फिरवायचे नसते. तिथे बोल्ट हाताने पूर्ण घट्ट करूनच दोरी चढवावी.

लिम्ब सरकला आहे की पिळला आहे

‘सर, लिम्ब वाकडा झालाय’ या एका वाक्यात दोन पूर्णपणे वेगळे दोष दडलेले असतात. पहिल्यात लिम्ब सरळच असतो, परंतु त्याचा बुंधा रायझरमध्ये किंचित तिरपा बसल्यामुळे टोक एका बाजूला जाते. दुसऱ्यात लिम्बचे पाते ओला कपडा पिळावा तसे स्वतःच्याच अक्षाभोवती फिरलेले असते. पहिला दोष ॲलन कीने सुटतो आणि दुसरा बहुधा सुटत नाही. त्यामुळे या दोहोंमध्ये फरक करणे हा सगळ्या तपासणीचा गाभा आहे.

दोन्ही लिम्बवर, तिरंदाजाकडील बाजूस, बुंध्याजवळ एक आणि मध्याच्या थोडे पुढे एक अशा मास्किंग टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवाव्यात. प्रत्येक पट्टीच्या जागी लिम्बची रुंदी व्हर्निअरने मोजून बरोबर अर्ध्यावर पेन्सिलीची बारीक उभी रेघ काढावी. नजरेने मध्य ठरवू नये. 40 मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर एक मिलिमीटरची चूक नजरेला कळत नाही, पण जुळणी बिघडवायला ती पुरेशी असते. नंतर दोरी चढवून धनुष्य हातांच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर असे ठेवावे, की दोन्ही लिम्बचे बुंधे खुर्चीच्या हातांवर टेकतील आणि दोरी वर येईल. लांब स्टॅबिलायझर (रायझरच्या पुढे लावायचा तोल राखणारा दांडा) लावलेला असल्यास तो खाली लोंबतो, म्हणून बैठक उघडी असलेली खुर्ची किंवा दोन स्टुले घ्यावीत. धनुष्याच्या एका टोकाशी उभे राहून, एक डोळा मिटून, दोरी बुंध्याजवळच्या दोन्ही रेघांवर येईल अशी मान सरकवावी आणि तशीच स्थिर ठेवून बाकीच्या दोन रेघा पाहाव्यात. चारही रेघा दोरीखाली झाकल्या गेल्या, तर जुळणी बरोबर आहे.

दोरी एखाद्या रेघेच्या बाजूला दिसत असेल, तर घाईने त्या लिम्बला दोषी ठरवू नये. दोरी ही दोन टोकांना बांधलेली असल्याने वरचे टोक चार मिलिमीटर सरकले, तर दोरी धनुष्याच्या मध्यावर दोन मिलिमीटर सरकते, आणि त्यामुळे निर्दोष असलेला खालचा लिम्बही तिरपा दिसू लागतो. खरा अपराधी कोणता हे ठरवण्यासाठी आयएलएफ धनुष्यात एक फार उपयुक्त चाचणी करता येते: वरचा लिम्ब खाली आणि खालचा वर बसवून, बाण न सोडता, केवळ दोरी चढवून पुन्हा पाहावे. दोष लिम्बबरोबर दुसऱ्या टोकाला गेला, तर तो लिम्बचा आहे. दोष होता त्याच टोकाला राहिला, तर तो रायझरच्या खाचेचा आहे. केंद्रात कुणाची दुसरी जोडी मिळाली, तर ती याच रायझरवर चढवून पाहावी, म्हणजे निदान अधिक पक्के होते. या दोन चाचण्यांना फार तर अर्धा तास लागतो आणि त्यांच्याशिवाय कुणीही काढलेला निष्कर्ष, तो कितीही अनुभवी माणसाचा असला तरी, मी मान्य करत नाही.

पीळ तपासण्याची रीत सुताराच्या पद्धतीची आहे. दोरी उतरवलेल्या लिम्बच्या पात्यावर एक सरळ पट्टी बुंध्याजवळ आणि दुसरी टोकाच्या वळणाआधी आडवी ठेवावी आणि टोकाकडून पाहावे. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. हीच तपासणी दोरी चढवून पुन्हा करावी. दोरी नसताना पट्ट्या समांतर आणि दोरी चढवल्यावर तिरप्या होत असतील, तर बहुधा तिरप्या बसलेल्या बुंध्यामुळे दोरी लिम्बला एका बाजूने ओढत आहे आणि जुळणी सुधारल्यावर हा ‘पीळ’ आपोआप नाहीसा होतो. दोरी नसतानाही पट्ट्या तिरप्या दिसत असतील, तर पीळ लिम्बच्या अंगातच आहे. टोकाच्या खाचेतून दोरी एका कडेवर चढत असेल किंवा बाजूला सरकून निसटू पाहत असेल, तर त्या स्थितीत धनुष्य एकदाही ओढू नये.

जुळणी सुधारण्याची यंत्रणा रायझरनुसार वेगळी असते. काहींमध्ये खाचेतील दांड्याच्या दोन्ही बाजूंना पातळ वॉशर असतात आणि ते एका बाजूचे काढून दुसऱ्या बाजूला घालायचे असतात. काहींमध्ये बाजूचे स्क्रू फिरवून बुंधा सरकवता येतो. कोणत्या दिशेला सरकवल्यावर टोक कोणत्या दिशेला जाते, हे मॉडेलवर अवलंबून असल्याने एका वेळी एकच बदल, तोही सर्वांत लहान, करावा, दोरी चढवून पाहावे आणि मगच पुढे जावे. दोन्ही टोके एकदम हलवणारा माणूस संध्याकाळपर्यंत तिथेच बसलेला दिसतो. चारही रेघा जुळल्यावर दोरी लांब स्टॅबिलायझरच्या मध्यातून जाते का, हे पाहावे. लिम्ब जुळले पण स्टॅबिलायझरचा दांडा बाजूला दिसतो, असे झाल्यास तो थोडा सैल करून स्वतःभोवती फिरवावा. फिरवताना त्याचे टोक गोल फिरत असेल तर दांडाच वाकडा आहे, रायझर नव्हे.

लाकडी रायझरच्या धनुष्यात जुळणीची सोय नसते. तिथे बोल्ट काढून, खाचेतील धूळ पुसून लिम्ब पुन्हा बसवल्यावरही टोक तिरपे राहत असेल, तर बुंध्याखाली ज्या बाजूला उचल हवी त्या बाजूस पत्त्याच्या जाडीची पातळ पट्टी चिकटवून पाहता येते. एकापेक्षा जास्त पट्ट्या लागू लागल्या, तर तो उपाय सोडून द्यावा, कारण बुंधा अर्धवट टेकू लागला की बोल्टच्या छिद्राभोवती ताण साचतो.

पीळ लिम्बच्या अंगात असल्याचे सिद्ध झाल्यावर पुढचा प्रश्न लिम्ब कशाचा बनला आहे हा आहे. लाकडी गाभ्यावर फायबरग्लास असलेल्या स्वस्त लिम्बचा किरकोळ पीळ हाताने काढता येतो. हेअर ड्रायर मंद आचेवर ठेवून, सतत फिरवत, पाते तळहाताला सुखद कोमट लागेल इतकेच तापवावे. हात लावून ठेवणे नकोसे होत असेल, तर ते जास्त तापले आहे. मग दोरी नसताना रायझर मांड्यांमध्ये घट्ट धरून, पात्याचे टोक पिळाच्या उलट दिशेने, मध्यापेक्षा किंचित पलीकडे फिरवून धरावे आणि पाते थंड होईपर्यंत सोडू नये. हे एका बैठकीत उरकण्याचा हट्ट न धरता चार-पाच दिवसांत थोडे थोडे करावे आणि प्रत्येक वेळी पट्ट्यांनी तपासावे. गीझरचे कढत पाणी, गॅसची शेगडी आणि हीट गन यांचा विचारही करू नये. कार्बन आणि फोमच्या लिम्बला उष्णता मुळीच देऊ नये: त्यांचे थर ज्या इपॉक्सीने जोडलेले असतात ती मऊ पडल्यास पीळ निघण्याऐवजी थर सुटतात, आणि वॉरंटी असल्यास तीही हातची जाते. अशा लिम्बमधील अल्प पीळ जुळणीच्या साहाय्याने सावरतो का हे पाहावे, न सावरल्यास तो विक्रेत्याकडे न्यावा. एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे: हाताने काढलेला पीळ पुष्कळदा परत येतो, म्हणून स्पर्धेच्या धनुष्यावर या उपायाचा भरवसा ठेवू नये.

टिलर काय सांगतो

बुंध्याजवळ, जिथे लिम्ब रायझरमधून बाहेर पडतो, तिथपासून दोरीपर्यंतचे काटकोनातील अंतर दोन्ही टोकांना मोजावे. वरच्या अंतरातून खालचे वजा केल्यावर येणारा आकडा म्हणजे टिलर. बाणाच्या वर एक आणि खाली दोन बोटे लावून खेचणाऱ्यांसाठी तो सामान्यतः शून्य ते सहा मिलिमीटर असतो. हा आकडा आदर्श ठेवण्याच्या मागे लागण्यापेक्षा तो वहीत लिहून ठेवण्याला मी जास्त महत्त्व देतो, कारण टिलरचा खरा उपयोग दोष लवकर पकडण्यात आहे.

समजा, वहीत वरचे अंतर 18.6 आणि खालचे 18.2 सेंटिमीटर लिहिलेले आहे, म्हणजे टिलर चार मिलिमीटर आहे. काही आठवड्यांनी, ब्रेस हाइट तीच असताना, खालचे अंतर 18.8 भरले. कमजोर झालेला लिम्ब अधिक वाकतो आणि त्याच्या बुंध्याचे दोरीपासूनचे अंतर वाढते. त्यामुळे येथे संशय खालच्या लिम्बवर जातो. प्रथम त्याचा बोल्ट स्वतःहून बाहेर आला आहे का ते पाहावे आणि बहुतेक वेळा तेच निघते. बोल्ट जागेवर असूनही अंतर वाढले असेल, तर तो लिम्ब आतून सुटू लागल्याची ही सूचना असू शकते आणि पुढील तपासणी होईपर्यंत बाण सोडणे थांबवावे. मूळ टिलर परत मिळवण्यासाठी बोल्ट आणखी आवळत जाणे ही या प्रसंगी सर्वांत घातक गोष्ट आहे, कारण त्यामुळे आकडा सुधारतो आणि दोष झाकला जातो.

आवाज

आवाजाचे निदान सोपे आहे, फक्त एका वेळी एक भाग काढून पाहण्याचा संयम हवा. स्टॅबिलायझर, साइट (नेम धरायचे साधन) आणि क्लिकर (पूर्ण खेच झाल्यावर टक वाजणारी पट्टी) उतरवून बाण सोडावा. खडखड थांबली, तर लिम्ब निर्दोष आहे. थांबली नाही, तर डोव्हटेलचा स्क्रू हलतो का ते पाहावे आणि सैल असल्यास निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब लावून आवळावा. सावकाश खेचताना करकर ऐकू येत असेल, तर बोल्टचे डोके आणि लिम्बचा बुंधा यांच्यामध्ये धूळ असण्याची शक्यता मोठी आहे. ती जागा पुसून दोरीचे मेण बोटाने पुसट लावावे. लिम्बवर चिकटवायचे रबरी डॅम्पर उपयोगाचे आहेत, पण ते आवाज कमी करतात, आवाजाचे कारण दूर करत नाहीत, म्हणून ते सर्वांत शेवटी लावावेत. आणि सगळे स्वच्छ व घट्ट असूनही खेचताना पात्याच्या मध्यातून बारीक कटकट येत असेल, तर पुढचा भाग वाचून होईपर्यंत धनुष्य खाली ठेवावे.

तडे आणि सुटलेले थर

खेचल्यावर लिम्बची नेमाकडील बाजू ताणली जाते आणि तिरंदाजाकडील बाजू दाबली जाते. या दोन्ही बाजूंचे काच किंवा कार्बनचे थर गाभ्याला चिकटलेले असतात तोवरच लिम्ब जिवंत असतो. तपासणीसाठी दोरी उतरवून कापसाचा सैल बोळा दोन्ही कडांवरून आणि दोन्ही पृष्ठभागांवरून बुंध्यापासून टोकापर्यंत हलकेच फिरवावा. जिथे तंतू अडकतो तिथे टॉर्चचा प्रकाश आडवा टाकून पाहावे. बोटाने ही तपासणी करू नये. काचेचे कुसळ बोटात शिरले की ते दिसतही नाही आणि निघतही नाही.

पात्याच्या लांबीच्या दिशेने रंगात दिसणारी केसासारखी बारीक रेघ अनेकदा केवळ वरच्या लेपातील असते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. काही सत्रांनंतर रेघ खुणेपलीकडे गेली नाही, तर काळजीचे कारण नाही. पात्याच्या आडव्या दिशेने गेलेली रेघ मात्र, विशेषतः तिरंदाजाकडील दाबल्या जाणाऱ्या बाजूवर, तंतू चिरडल्याचे लक्षण आहे आणि तो लिम्ब तिथेच बाद समजावा. पारदर्शक लेपाखाली पांढुरका डाग, कडेला उघडलेली फट, नखाने हलणारा थर किंवा पात्यावर हलकेच टिचकी मारल्यावर एकाच जागी येणारा पोकळ आवाज ही थर सुटल्याची चिन्हे आहेत.

यांपैकी काय दुरुस्त करावे, याविषयी माझे मत कडक आहे. कडेवरचे एखादे वर आलेले कुसळ, जे वाकणाऱ्या भागात खोल गेलेले नाही, ते पातळ सुपर ग्लूच्या थेंबाने बसवून, सुकल्यावर 600 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून गुळगुळीत करावे. टोकाच्या खाचेची धार दोरीचा दोरा कापत असेल, तर तीही याच पेपरने फक्त बोथट करावी. घासताना मास्क लावावा आणि पाणी वापरावे, कारण काच आणि कार्बनची भुकटी फुफ्फुसांना अपायकारक असते. टोकावर चिकटवलेली वरची पट्टी सुटली असल्यास ती इपॉक्सीने पुन्हा बसवता येते. याखेरीज, वाकणाऱ्या पात्यातील सुटलेला थर फेव्हिक्विक, अराल्डाइट, दोऱ्याचे वेटोळे किंवा टेप यांपैकी कशानेही दुरुस्त होत नाही. बाहेरून बंद झालेली फट आतून तशीच असते आणि तो लिम्ब तुटतो तो नेमका पूर्ण खेचीला, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

धनुष्य बाणाविना सुटले, किंवा सुटताना बाणाचे नॉक (दोरीवर बसणारे मागचे टोक) फुटले, तर ती घटना किरकोळ समजू नये. बाणाला मिळायची ती सारी ऊर्जा त्या क्षणी लिम्बमध्येच राहते. दोरी उतरवून लिम्ब, टोके, डोव्हटेल, बोल्ट, रायझरची खाच आणि दोरीचे दोन्ही फास तपासावेत. नंतर टिलर मोजून वहीशी ताडून पाहावा आणि मगच पुढचा बाण लावावा. जुन्या लाकडी धनुष्याची टोके भक्कम केलेली नसल्यास त्याला डॅक्रॉनची (थोडी ताणली जाणारी) दोरीच वापरावी, कारण न ताणल्या जाणाऱ्या आधुनिक दोरीचा धक्का ती टोके सहन करत नाहीत.

नाशिकच्या हवेत लिम्ब जपताना

एप्रिल-मेमध्ये नाशिकचे तापमान चाळीसच्या आसपास जाते आणि बंद मोटारीत ते साठच्या वर चढू शकते. सकाळचा सराव आटोपून, किट डिकीत ठेवून दुपारभर गाडी उन्हात उभी करणे हा लिम्बचा पीळ आणि सुटलेले थर विकत घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. स्पर्धेसाठी कसारा घाट उतरून मुंबईकडे जातानाही किट प्रवाशांबरोबर आत ठेवावे आणि दोरी उतरवलेलीच असावी. मैदानावर दोन फेऱ्यांच्या मध्ये धनुष्य स्टँडवर ठेवावे, तेही सावलीत. भिंतीला टेकवून खालच्या टोकावर उभे केल्यास सगळा भार एका बाजूने त्या टोकावर येतो. दोरी चढवताना आणि उतरवताना नेहमी स्ट्रिंगर (दोरी चढवण्यासाठीची साहाय्यक दोरी) वापरावा. पायात अडकवून, मांडीवर वाकवून दोरी चढवण्याची जी रीत काही जण ऐटीत दाखवतात, तिने पिळलेले लिम्ब प्रत्येक केंद्राच्या कपाटात सापडतात.

जून ते सप्टेंबर या काळात लाकडी गाभ्याच्या लिम्बची काळजी अधिक घ्यावी लागते, कारण लेप उडालेल्या जागेतून ओल आत शिरते. पावसात सराव झाल्यास लिम्ब सुटे करून, बुंध्याची खाच आणि डोव्हटेलसह कोरड्या कापडाने पुसावेत आणि पंख्याच्या हवेत पूर्ण सुकल्यावरच पिशवीत घालावेत. ओली पिशवी बंद करून दोन दिवस कोपऱ्यात राहिली, की बोल्टवर गंज आणि लाकडात ओल एकदमच येते. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि लेप उडालेल्या जागी पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात पावसाळ्याआधीच द्यावा. घरी लिम्ब सपाट फळीवर किंवा मऊ कव्हरमध्ये आडवे ठेवावेत, त्यांच्यावर दुसरे सामान रचू नये.

बाद ठरलेला लिम्ब कपाटात परत ठेवू नये. दिसायला तो चांगलाच असतो आणि पुढच्या उन्हाळी शिबिरात एखादे नवे मूल तो निरागसपणे रायझरवर चढवते. कापडात गुंडाळून, मास्क लावून, पाते मधोमध करवतीने कापावे आणि डोव्हटेल, स्क्रू व पिन तेवढे सुटे भाग म्हणून डबीत काढून ठेवावेत. जोडीतला उरलेला चांगला लिम्बही दुसऱ्या जोडीतल्या एखाद्या लिम्बबरोबर लावू नये. त्यावर ठळक अक्षरांत ‘फक्त तपासणीसाठी’ असे लिहून रायझरची खाच पाहण्याच्या कामी ठेवावा.